पान ४३

थोरलीच्या नर्सरीच्या प्रवेशासाठी लसीकरणाचं कार्ड हवं होतं आणि ते घरात कुठेही नव्हतं. कपाटं उपसली, फायली उपसल्या. 'महत्त्वाचं' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पिशवीतून इस्त्रीवाल्याचा तीन वर्षांपूर्वीचा हिशोब निघाला. सासूबाई गणपतीला एकवीस मोदक बोलल्या. नवरा म्हणाला, "तूच कुठेतरी ठेवलं असशील." आमच्याकडे काहीही हरवलं की तो शोधकार्याला एवढाच हातभार लावतो. शेवटी कार्ड शोधलं अकरा महिन्यांच्या धाकट्याने. पुस्तकांच्या सर्वांत खालच्या फळीवरून एकेक पुस्तक ओढून जमिनीवर आपटणं हे त्याचं सकाळचं काम असतं. त्यात एक कादंबरी उताणी पडली आणि तिच्या पोटातून कार्ड डोकावलं. पान ४३. खूण म्हणून मीच घातलेलं. म्हणजे नवऱ्याचं बरोबर होतं, पण हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

कार्डावरची शेवटची नोंद दीड वर्षाच्या बूस्टरची. थोरली आता साडेतीन वर्षांची आहे. कादंबरीचा नायक पान ४३ वर एका खेड्यातल्या स्टँडवर, हातात ट्रंक घेऊन, एसटीची वाट बघत उभा आहे. याचा अर्थ बिचारा दोन वर्षं उभा आहे. त्याने मधल्या काळात ट्रंक तरी खाली ठेवली का, हे कळायला मला पान उलटायला हवं होतं. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, धाकटा पडला, थोरलीला शी लागली. यातलं आधी काय झालं ते आठवत नाही. तिन्ही एकदम झाल्यासारखं वाटतं.

ही कादंबरी मी घेतली डिसेंबर २०२१ मध्ये. ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशकात, आडगावला भुजबळ नॉलेज सिटीत भरलं होतं. मार्चमध्ये व्हायचं ते करोनामुळे डिसेंबरवर गेलेलं, आणि मला सहावा महिना. ग्रंथप्रदर्शनात मी पिशवीभर पुस्तकं घेतली. विक्रेत्याने काळजीने विचारलं, "ताई, एवढं उचलाल ना?" मी ऐटीत म्हटलं, "आता रजाच आहे हो, बाळ झोपलं की निवांत वाचेन." शेजारी एक बाई कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या. त्या वेळी मला वाटलं, कौतुकाने हसल्या.

संमेलनाचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर. काळाचा वेग सगळीकडे सारखा नसतो, हे त्यांनी मराठी वाचकांना किती सोपं करून सांगितलं होतं! मला ते कळलं मात्र बाळंतपणानंतर. वस्तुमान जास्त असेल तिथे काळ हळू चालतो म्हणतात. आमच्या घरी आलेलं वस्तुमान अवघं पावणेतीन किलोचं होतं, तरी रात्री दोन ते चार हे दोन तास सहज अकरा तास चालायचे. आणि बाळ झोपलं की तेच घड्याळ असं धावायचं, की पुस्तक उघडून चष्मा शोधेपर्यंत बाळ उठलेलं असायचं.

वाचनात मागे पडायचंच असेल तर माणसाने नाशकात तरी पडू नये. हे गाव आपल्याला विसरू देत नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. आपल्या खापरपणजोबांच्या आधीपासून इथे लोक पुस्तकं बदलून नेत आहेत. गंगापूर रोडने भाजी आणायला निघावं तर कुसुमाग्रज स्मारक आडवं येतं. पंचवटीत जावं तर विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम आठवतो आणि आपण तंबोरा शेवटचा कधी ऐकला हा प्रश्न पडतो. वसंत कानेटकर इथल्याच महाविद्यालयात शिकवत होते. त्यांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ मध्ये रंगमंचावर आलं. आमच्याकडे रोज रात्री साडेतीन वाजता 'धाकट्याला जेव्हा जाग येते' होतं. तेही बाप-लेकाच्या संघर्षाचंच नाटक आहे. फक्त आमच्याकडे त्यात लेक जिंकतो आणि पडदा सहापर्यंत पडत नाही.

आमच्या घरात खात्यांची वाटणी आहे. पुस्तकं माझ्याकडे, गाणं नवऱ्याकडे. पूर्वी तो दर डिसेंबरला पुण्याला सवाई गंधर्वला जायचा. शाल, थर्मास आणि मान डोलवायला एक मित्र. शास्त्रीय संगीतात रागांच्या वेळा ठरलेल्या असतात, याचा त्याला फार अभिमान. मालकंस, दरबारी रात्रीचे, सोहनी उत्तररात्रीचा, ललित पहाटेचा, मग भैरव, मग तोडी. प्रत्यक्षात इतकी वर्षं तो ललित ऐकायचा रात्री साडेनऊला, जेवणानंतर, बडीशेप चघळत. कारण पहाटे साडेचारला तो कधी जागाच नसायचा. आता परिस्थिती इतकी शास्त्रशुद्ध झाली आहे की विचारू नका. सोहनीच्या वेळेला आम्ही जागे, ललितच्या वेळेला जागे, भैरवच्या वेळेला तर अंघोळ करून जागे. अडचण एकच: मोबाइलचा आवाज दोनच्या वर नेता येत नाही. दोनवर तबला ऐकू येतो आणि श्रोत्यांची दाद ऐकू येते. गवई ऐकू येत नाही. गेल्या वर्षभरात नवऱ्याने जगातल्या उत्तमोत्तम मैफलींतल्या फक्त टाळ्या ऐकल्या आहेत.

पण त्याचं खरं संशोधन थोपटण्यात आहे. मूल झोपवताना पाठीवर पडणारा हात म्हणजे ठेका, हा त्याचा सिद्धांत. थोरली केरव्यात झोपायची; आठ मात्रा, तीन आवर्तनं, काम फत्ते. धाकट्यासाठी त्याने तीनताल धरला. सोळा मात्रा. टाळी एकवर, पाचवर आणि तेरावर. नवव्या मात्रेला खाली. आता खालीला टाळी नसते, हात हवेत जातो. तेवढा एक हात पाठीवर पडला नाही की धाकटा डोळे उघडून बापाकडे असा बघायचा, जसा जाणकार श्रोता लयीला कच्च्या तबलजीकडे बघतो. "बघ, लयीला किती पक्का आहे!" नवरा कुजबुजला. मी म्हटलं, "झोपेला कच्चा आहे." शेवटी शास्त्राला मुरड घालून बिनखालीचा तीनताल काढावा लागला. घराणं म्हणतात ते असंच कुठल्यातरी खोलीत अंधारात सुरू झालं असणार.

'बाळा गाऊ कशी अंगाई' नावाचा चित्रपट १९७७ मध्ये आला होता. हा प्रश्न भावनेचा आहे असं मला लहानपणी वाटायचं. तो निव्वळ तांत्रिक आहे. सूर खाली लावला तर मुलाला ऐकू जात नाही, वर लावला तर शेजाऱ्यांना जातो. शब्द नीट म्हणावेत तर मूल अर्थ विचारतं, गुणगुणावं तर "नीट म्हण" म्हणतं. आणि कडव्यांच्या मध्ये थांबून चालत नाही. नवऱ्याने एकदा विलंबित भूप लावला. बारा मात्रांचा एकताल इतका सावकाश चालला होता, की समेवर येईपर्यंत तो स्वतःच घोरायला लागला. थोरली उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा झोपले. आता माझ्याशी खेळ."

दिवसा मात्र सगळा कारभार मुलांच्या आवडीवर. 'बेबी शार्क' हे गाणं नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबवर जगातलं सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं ठरलं. लोकांना याचं आश्चर्य वाटतं. मला नाही वाटत. जगभर एकाच वेळी कोणीतरी कोणाला तरी वरणभात भरवत होतं. आम्ही शार्कच्या तावडीतून सुटलो ते 'नाच रे मोरा'मुळे. 'देवबाप्पा' हा १९५३ चा चित्रपट. शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आवाज आशाबाईंचा. थोरलीने ते एका दुपारी सलग चौदा वेळा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी शब्द ऐकले. सहाव्यांदा चाल ऐकली. नवव्यांदा लक्षात आलं, की गेली दोन वर्षं मी "पु.लं.चं काही वाचणंच होत नाही गं" असं मैत्रिणींना सांगत हळहळते आहे आणि पु. ल. माझ्या स्वयंपाकघरात दुपारी एक ते तीन मुक्कामाला आहेत. चौदाव्यांदा मी मोबाइल पिठाच्या डब्यात लपवला.

आता माझं खातं. पहिला उपाय म्हणून मी ऑडिओबुक घेतलं. एका कानात यंत्र, दुसरा कान बाळासाठी मोकळा. रहस्यकथा होती. धाकट्याला कानातलं ते यंत्र ओढून तोंडात घालायला फार आवडतं, त्यामुळे प्रत्येक खुनाच्या वेळी मी गैरहजर. सात खून झाले आणि एकाही प्रेताशी माझी भेट झाली नाही. एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देण्यासाठीसुद्धा दुसरा कान मोकळा असावा लागतो, हे म्हण तयार करणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही.

दुसरा उपाय रविवारच्या पुरवण्यांचा. रविवारची पुरवणी मी बुधवारी वाचते, नाचणीच्या सत्त्वाच्या वाटीखाली घातलेली असते तेव्हा. वाटी गोल असल्यामुळे समीक्षेचा मधला भाग नेहमी झाकलेला राहतो. सुरुवातीला लेखकाचा मोठेपणा दिसतो, शेवटी 'अवश्य वाचावे असे पुस्तक' दिसतं. मधलं सत्त्वाखाली गेलं तरी फारसं बिघडत नाही, हेही माझ्या लक्षात आलं.

दिवाळी अंकांचं म्हणाल तर १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर अंक वाचत आला. आम्ही गेल्या दिवाळीचे अंक या दिवाळीला वाचले. यात एक फायदा आहे. वार्षिक राशिभविष्य ताडून बघता येतं. माझ्या राशीला 'प्रवासाचे योग, नवीन ओळखी, वाचन-मननास अनुकूल काळ' असं होतं. प्रवास झाला तो बालरोगतज्ज्ञांकडे, नव्या ओळखी तिथल्याच बाकावर. मननाला हरकत नव्हती; रांग मोठी असायची.

तिसरा उपाय अंगाशी आला. मे महिन्यात रोज संध्याकाळी गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. शंभरी ओलांडलेली व्याख्यानमाला, उघड्यावर, प्रवेश मोफत. नदीवरून वारा येतो, ऐकता ऐकता उन्हाळा जरा सुसह्य होतो. मुलं मोकळ्यावर रमतील म्हणून थोरलीला घेऊन गेले. वक्ते तळमळीने बोलत होते. मुद्द्याला आले की आवाज चढायचा. एका मोठ्या मुद्द्यानंतर ते पाणी प्यायला थांबले आणि त्या शांततेत माझ्या मांडीवरून खणखणीत आवाज आला, "आई, हे आजोबा कोणाला रागावतायत? त्यांची झोप नाही झाली का?" पुढच्या चार रांगा मागे वळल्या. मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "माझीसुद्धा नाही झाली गं बाळा." आम्ही उठलो. व्याख्यानाचा विषय होता वाचनसंस्कृतीचं भवितव्य. ते भवितव्य कडेवर घेऊन मी घाटाच्या पायऱ्या चढले. भवितव्याला कुल्फी हवी होती.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम २००९ मध्ये सुरू झाला. पुस्तकं भरलेल्या पेट्या वाचकांपर्यंत न्यायच्या, ठरावीक काळाने त्यांची अदलाबदल करायची. या पेट्या परदेशात पोचल्या, कारागृहांतही गेल्या. हे वाचलं तेव्हा मन भरून आलं, आणि नंतर अगदी थोडा वेळ, फार तर पाच मिनिटं, मला कारागृहातल्या वाचकांचा हेवा वाटला. जेवण ठरलेल्या वेळी, दिवे ठरलेल्या वेळी बंद, आणि हातातल्या पुस्तकाचं पान कोणी खात नाही.

पान खाण्याचं मी गमतीत म्हणत नाही. आमच्या कॉलनीतल्या छोट्या वाचनालयाच्या एका चरित्राचा कोपरा धाकट्याने खाल्ला. चांगला तळहाताएवढा. मी शरमेने पुस्तक टेबलावर ठेवलं. ग्रंथपाल काकांनी ते उलटसुलट पाहिलं, दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कितवा दात?" म्हटलं, "तिसरा." त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'कोपरा खराब, वाचक लहान', आणि दंड घेतला नाही. अलीकडच्या काळात माझ्या घरातल्या कोणाच्या वाचनाची एवढी जिव्हाळ्याने चौकशी झालेली नाही.

या सगळ्यात मला एक कबुली द्यायची आहे. परवा कॉलेज रोडला एक जुनी मैत्रीण भेटली. "ती नवी कादंबरी वाचलीस? नाही? अगं, काय तू!" असं म्हणाली. मी घरी येऊन खिन्न बसणार होते, पण बसायला जागा नव्हती. सोफ्यावर ठोकळे, एक गमबूट, अर्धा राजगिऱ्याचा लाडू, घड्या न घातलेले कपडे आणि शेपूट तुटलेला घोडा. ते बघताना मला २०१० साल आठवलं. भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' आली होती. मी कॉलेजात होते. पहिली ऐंशी पानं वाचली आणि त्या भांडवलावर दोन वर्षं चर्चा केली. 'जगण्याची समृद्ध अडगळ' या उपशीर्षकाचा अर्थ तर मी चहाच्या टपरीवर इतक्या अधिकाराने समजावून द्यायची, की बिल नेहमी दुसरं कोणीतरी भरायचं. आता अडगळ डोळ्यांसमोर आहे, उपशीर्षक कळलं आहे. राहिली आहे ती कादंबरी.

तेव्हा खरं सांगायचं तर मुलांमुळे माझं वाचन जितकं कमी झालं असं मी सांगते, तितकं ते झालेलं नाही. मुळात ते तेवढं नव्हतंच. कमी झालं ते वाचल्याचं सांगणं. मलपृष्ठ आणि समीक्षा वाचून "हं, भाषा छान आहे, पण शेवट फसलाय" म्हणायला जी ऐसपैस संध्याकाळ लागते, ती गेली. नवऱ्याचंही तेच. सवाईला तो गाणं किती ऐकायचा आणि बाहेरच्या स्टॉलवर वडापाव खात गाण्याबद्दल किती बोलायचा, याचा हिशोब मी लग्नानंतर एकदा सोबत जाऊन केलेला आहे.

आणि आता तर थापा मारायची सोयच नाही. थोरलीला रोज रात्री माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' लागतं. एकदा दमले होते म्हणून दोन पानं एकदम उलटली. ती म्हणाली, "तू राहिलेलं वाचलं नाहीस." मी म्हटलं, "वाचलं की." तिने पान मागे नेलं, चित्रावर बोट ठेवलं आणि राहिलेली वाक्यं शब्दन् शब्द म्हणून दाखवली. तिला अजून 'अ' येत नाही. पण काय वाचलं गेलं नाही, ते बरोबर येतं. इतकी वर्षं मी साहित्याच्या वर्तुळात वावरले. असं पकडणारं कोणी भेटलं नव्हतं.

साठ-सत्तर वेळा एकच पुस्तक वाचल्यावर लेखिकेबद्दल कुतूहल वाटलं. माधुरी पुरंदऱ्यांनी पिकासोचं चरित्र लिहिलं आहे हे ठाऊक होतं. त्यांनी बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'चं मराठी भाषांतरही केलेलं आहे. दोन माणसं एका झाडापाशी वाट बघत उभी असतात आणि ज्याची वाट बघतात तो येतच नाही, असं ते नाटक. मला एकदम माझा स्टँडवरचा माणूस आठवला. निदान त्या दोघांना एकमेकांची सोबत होती.

कार्ड सापडलं त्या रात्री थोरली राधाच्या घरी पोचून झोपली आणि धाकटा, बिनखालीच्या तीनतालात, चक्क साडेआठला झोपला. नवऱ्याने मोबाइलचा आवाज तीनवर नेला. कोणीतरी गवई खरोखरच गात होता. मी कादंबरी उघडली. ट्रंक त्याने खाली ठेवली होती. लांबून धूळ दिसली, मग टप, मग एसटी. तो चढला. त्याला खिडकीची जागा मिळाली.

सध्या मी पान ४४ वर आहे. खुणेला धाकट्याचं कार्ड ठेवलं आहे.